पोखरणचा आकडा: मोजला कुणी, तपासला कुणी?



मे महिना उजाडला की आपल्या गटांवर पोखरणची छायाचित्रे फिरू लागतात. ११ मे हा दिवस भारतात १९९९ पासून 'राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन' म्हणून पाळला जातो आणि परदेशस्थ मंडळींचा ऊर त्या दिवशी जरा जास्तच भरून येतो. छायाचित्रांखाली एक आकडा हमखास असतो: ४५ किलोटन. ११ मे १९९८ रोजी पोखरणला जो 'हायड्रोजन बॉम्ब' उडवला त्याची ही अधिकृत क्षमता. त्याच वेळी उडवलेला विखंडनाचा बॉम्ब १५ किलोटनांचा आणि तिसरा छोटा ०.२ किलोटनांचा. दोन दिवसांनी, १३ मे रोजी, आणखी दोन स्फोट झाले, ०.५ आणि ०.३ किलोटनांचे.

भारताने अण्वस्त्रे बाळगावीत की नाही यावर आपल्यात भरपूर वाद झाले आहेत, पुढेही होतील. आज मला त्याहून साधा प्रश्न विचारायचा आहे. हा ४५ चा आकडा कुणी मोजला, कसा मोजला आणि तो तपासायची मुभा कुणाला होती? माझा रोजचा व्यवसाय मोजमापाचा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. ज्या यंत्रणेने बॉम्ब बनवला तिनेच तो मोजला आणि तिनेच स्वतःला उत्तीर्ण करून टाकले. आणि आपण, विशेषतः स्वतःला अण्वस्त्रविरोधी म्हणवणाऱ्यांनी, त्यावर गप्प बसणे सोयीचे मानले. हे बदलायला हवे, एवढेच मला सांगायचे आहे.

कागदाचे कपटे आणि पेट्रोलचे डबे

स्फोट मोजायचा म्हणजे नेमके काय मोजायचे? हवेत मोठा स्फोट झाला की दाबलेल्या हवेची एक भिंत ध्वनीपेक्षा जास्त वेगाने चहूकडे पळत सुटते. ती जिथून जाते तिथला दाब क्षणार्धात चढतो, मग उतरतो, नेहमीच्या पातळीच्याही खाली जातो आणि शेवटी पूर्ववत होतो. वातावरणाच्या नेहमीच्या दाबावर जी भर पडते तिला ओव्हरप्रेशर म्हणतात. आपण 'अतिदाब' म्हणू. स्फोटापासूनचे अंतर ठाऊक असेल आणि तिथला अतिदाब मोजता आला, तर स्फोटाची ऊर्जा काढता येते.

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली. दाब मोजायला तिथे नाना उपकरणे मांडली होती, पण लोकांच्या लक्षात राहिले ते एन्रिको फर्मींचे कागदाचे कपटे. दाबाची लाट पोचण्याच्या सुमारास त्यांनी हातातले कपटे खाली सोडले. ते सुमारे अडीच मीटर सरकले, आणि तेवढ्यावरून त्यांनी स्फोटाचा अंदाज बांधला: १० हजार टन टीएनटी, म्हणजे १० किलोटन. पुढे त्या चाचणीचा अधिकृत आकडा २१ किलोटन ठरला. २०२१ मध्ये, म्हणजे ७६ वर्षांनी, लॉस अलामोसच्याच शास्त्रज्ञांनी नव्या पद्धतीने मोजणी करून तो सुमारे २५ किलोटन असा सुधारला. या दुरुस्तीने त्यांच्या देशाची अब्रू गेली असे कुणी म्हटले नाही. विज्ञानात आकडे असेच सुधारत जातात.

हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानासोबत मोजमापाचे एक वेगळे विमान होते. लुई अल्वारेझ यांच्या गटाने तयार केलेली नळकांडी त्यातून हवाई छत्रीला बांधून सोडण्यात आली. त्यांतली उपकरणे अतिदाबाची नोंद रेडिओवरून विमानाकडे पाठवत होती. खाली शहर जळत होते आणि वर दाबाचा आलेख निघत होता. बॉम्बचे मोजमाप सुरुवातीपासून असे आहे. यंत्राला दाब कळतो, त्या दाबाखाली कोण होते हे कळत नाही.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश गणितज्ञ विल्यम पेनी हिरोशिमा आणि नागासाकीत हिंडले. वाकलेले खांब, चेपलेले डबे असे पुरावे गोळा करून त्यांनी कुठे किती दाब आला असेल याचा हिशेब मांडला. १९४६ मध्ये बिकिनी बेटांवरच्या पहिल्या चाचणीत बॉम्ब लक्ष्य चुकून बराच दूर पडला आणि बरीचशी महागडी उपकरणे कामाची राहिली नाहीत. पेनींनी मांडून ठेवलेले पेट्रोलचे पत्र्याचे डबे मात्र उपयोगी पडले. डबा किती चेपला यावरून दाब काढता आला. १९७० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरोशिमा-नागासाकीचा सगळा हिशेब रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. आज कुणीही विद्यार्थी तो काढून पडताळू शकतो.

या परंपरेतले एक नाव आयर्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. कॉर्कला शिकवणारे गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या पत्नी मेरी एव्हरेस्ट या भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. बूल दांपत्याचा नातू म्हणजे जी. आय. टेलर. अमेरिकेने पहिल्या चाचणीची काही छायाचित्रे खुली केली होती. आगीचा गोळा किती मिलिसेकंदांत किती मीटर पसरला हे त्यांवरून दिसत होते. तेवढ्या माहितीवर टेलर यांनी १९५० मध्ये स्फोटाची ऊर्जा काढून दाखवली, सुमारे १७ किलोटन. चाचणीच्या ठिकाणचा एकही गुप्त कागद त्यांनी या हिशेबात वापरला नाही. बाहेरच्या माणसाला माहितीचा एक धागा मिळाला तरी तो आतल्यांचा दावा तपासू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

जमिनीखालचा स्फोट

१९६३ च्या अंशतः चाचणीबंदी कराराने हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्या थांबवण्याचे ठरले. भारताने त्याच वर्षी त्यावर सही केली. त्यानंतरच्या भारतीय चाचण्या, १९७४ ची आणि १९९८ च्या, जमिनीखालीच झाल्या. जमिनीखालच्या स्फोटात हवेतला अतिदाब जवळजवळ नाहीसा होतो. धक्का खडकातून जातो, म्हणून तो भूकंपमापकाने पकडावा लागतो.

या मोजणीची सुरुवात आयर्लंडमध्ये झाली. 'सिस्मॉलॉजी' हा शब्द रूढ करणारे डब्लिनचे अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी १८४९ मध्ये किलायनीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत दारूचे पिंप पुरून उडवले आणि हादरा किती वेगाने पोचतो ते मोजले. उपकरण काय, तर पाऱ्याची वाटी. पाऱ्यात दिसणारे प्रतिबिंब थरथरले की वेळ नोंदवायची. वाळूत वेग निघाला सेकंदाला सुमारे २५० मीटर. नंतर इतरांनी अधिक संवेदनशील उपकरणे वापरली तेव्हा हादऱ्यांचे वेग बरेच जास्त निघाले. मॅलेट यांनी आपली पद्धत, अंतरे, उपकरणे सगळे छापून ठेवले होते, म्हणूनच फरक का पडला यावर चर्चा होऊ शकली.

आता पोखरणकडे येऊ. भूकंपमापकाला किलोटन समजत नाहीत, त्याला हादऱ्याची तीव्रता समजते. तीव्रतेवरून किलोटन काढायला सूत्र लागते आणि ते सूत्र खडकानुसार बदलते. ११ मे १९९८ च्या हादऱ्याची तीव्रता आंतरराष्ट्रीय केंद्रांवर साधारण ५.२ नोंदली गेली. कझाकस्तानातल्या सोव्हिएत चाचणीस्थळाच्या कठीण खडकाला लागू पडणारे सूत्र तिला लावले तर उत्तर येते १० किलोटन. अमेरिकेच्या नेवाडातल्या स्थळाचे सूत्र लावले तर उत्तर ४० च्या जवळ जाते. हादरा एकच, उत्तरात चौपट फरक! पोखरणचा खडक कोणत्या जातीचा, यावर सगळे अवलंबून आहे. परदेशातल्या बहुतेक भूकंपशास्त्रज्ञांनी त्या दिवशीच्या सगळ्या स्फोटांची मिळून बेरीज १० ते २० किलोटनांच्या आसपास धरली. १३ मे चे दोन छोटे स्फोट तर त्यांच्या केंद्रांना जाणवलेच नाहीत.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे उत्तर होते की दोन मोठे स्फोट एकाच क्षणी, एकमेकांपासून सुमारे एक किलोमीटरवर, पूर्व-पश्चिम रेषेत झाले. त्यामुळे त्या दिशांना गेलेल्या लाटांनी एकमेकींना काही प्रमाणात मारले आणि तिकडच्या केंद्रांवर तीव्रता कमी दिसली. सगळ्या दिशांची नीट सरासरी घेतली तर ती ५.४ च्या जवळ जाते. शिवाय स्फोटाच्या जागेतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांचे किरणोत्सर्गी विश्लेषणही ४५ ला दुजोरा देते, असे केंद्राने १९९९ मध्ये आपल्या वार्तापत्रात मांडले. या युक्तिवादात भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अशक्य असे काहीच नाही. अडचण एवढीच आहे की तो तपासायला लागणारी मूळ सामग्री, म्हणजे जवळच्या उपकरणांच्या संपूर्ण नोंदी, खडकाचे गुणधर्म आणि नमुन्यांचे तपशील, यंत्रणेबाहेरच्या कुणाच्या हाती पडली नाही. तेव्हा केंद्राचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते तपासलेले नाही, असे म्हणते.

२००९ चा वाद आणि आपले मौन

ऑगस्ट २००९ मध्ये के. संथानम यांनी जाहीरपणे सांगितले की हायड्रोजन बॉम्बची क्षमता अपेक्षेपेक्षा खूपच कमी भरली. संथानम म्हणजे बाहेरचे टीकाकार नव्हेत. १९९८ च्या चाचण्यांत संरक्षण संशोधन संस्थेच्या बाजूने, चाचणीस्थळाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांत ते होते. त्यांचा मुद्दा साधा होता: ४५ किलोटनांचा स्फोट झाला असता तर मोठा खड्डा पडला असता आणि विवराच्या तोंडावरची यंत्रसामग्री उद्ध्वस्त झाली असती. तसे झाले नाही. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष पी. के. अय्यंगार यांनी त्याआधीपासूनच शंका घेतली होती. दुसरे माजी अध्यक्ष होमी सेठना हेही संथानम यांच्या बाजूने बोलले. २४ सप्टेंबर २००९ रोजी आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर आणि सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार आर. चिदंबरम यांनी पत्रकार परिषद घेऊन शंकांचे निरसन करण्याचा प्रयत्न केला. माजी राष्ट्रपती कलाम यांनीही चाचण्या यशस्वी झाल्याचे सांगितले. वादावर पडदा पडला.

काकोडकरांविषयी आपल्या सर्वांना आदर आहे, मलाही आहे. पण चाचणीच्या वेळी ते भाभा केंद्राचे संचालक होते आणि चिदंबरम आयोगाचे अध्यक्ष. ज्यांच्या कामावर शंका आहे त्यांनीच शंकेचा निकाल द्यायचा, ही पद्धत आपण दहावीच्या परीक्षेत चालवून घेणार नाही. पेपर लिहिणाऱ्याने तो स्वतःच तपासायचा नसतो. तो कितीही प्रामाणिक असला तरी नसतो.

मग पुरोगामी मंडळी तेव्हा कुठे होती? स्पष्टच बोलायचे तर, अडचणीत होती. शंका घेणाऱ्या बहुतेकांचा निष्कर्ष असा होता की बॉम्ब फसला, म्हणून आणखी चाचण्या करायला हव्यात आणि चाचणीबंदीच्या करारावर सही करता कामा नये. आता आपल्याला तर चाचण्या नको आहेत. म्हणजे 'बॉम्ब यशस्वी झाला' हा सरकारी दावा खरा मानणेच आपल्या पथ्यावर पडणारे होते. ज्या केंद्राच्या इतर आकड्यांवर, अणुभट्ट्यांच्या सुरक्षेवर, किरणोत्सर्गाच्या नोंदींवर आपण एरवी शंका घेतो, त्याच केंद्राचा हा एक आकडा आपण बिनतक्रार गिळला.

ही तडजोड दोन कारणांनी चुकीची आहे. पहिले कारण तत्त्वाचे. एखादी गोष्ट खरी मानल्याने आपली बाजू बळकट होते की कमजोर, यावर तिचा खरेपणा ठरत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने महाराष्ट्राला हेच तर शिकवले. वैज्ञानिक दृष्टिकोन हे राज्यघटनेतले मूलभूत कर्तव्य आहे, ते फक्त बुवांच्या चमत्कारांपुरते नाही.

दुसरे कारण व्यवहाराचे. न तपासलेला आकडा कुणाच्याही हातातले हत्यार होऊ शकतो. आज तो 'आपण समर्थ आहोत' म्हणायला वापरला जातो. उद्या वारे बदलले की तोच आकडा 'खरे तर तेव्हा फसले होते, आता पुन्हा करून दाखवू' म्हणायला वापरता येईल. आणि वारे बदलत आहेत. रशियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वंकष चाचणीबंदी कराराला दिलेली मान्यता मागे घेतली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा केली. उत्तर कोरियाच्या सप्टेंबर २०१७ च्या स्फोटानंतर कुणीही जाहीर अणुचाचणी केलेली नाही, ही या शतकातली एक मोठी पण दुर्लक्षित जमेची बाजू आहे. ती टिकवायची तर 'पुन्हा चाचणी करा' या मागणीला मौन हे उत्तर पुरणार नाही.

गुप्तता कुणापासून?

यावर नेहमीचा आक्षेप येतो: ही संरक्षणाची गुपिते आहेत, ती चव्हाट्यावर कशी मांडायची? बॉम्बची रचना उघड करा असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण स्फोट किती मोठा होता, याची गुप्तता नेमकी कुणापासून आहे? हादरा राजस्थानची सीमा विचारून थांबला नाही. तो जगभरच्या केंद्रांवर उमटला. ज्यांना भारताच्या क्षमतेचा अंदाज घ्यायचा आहे त्या देशांकडे आपापल्या नोंदी आणि आपापले तज्ज्ञ आहेत. अंधारात राहिला तो फक्त भारतीय नागरिक, ज्याच्या नावाने आणि ज्याच्या पैशाने हे सगळे झाले.

याहून कठीण परिस्थितीत उघडेपणा शक्य झाल्याचे उदाहरण आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी १९७४ मध्ये जमिनीखालच्या चाचण्यांना १५० किलोटनांची मर्यादा घालून घेतली होती. पुढे रशियन ती मोडतात असा आरोप अमेरिकेतून होऊ लागला. वादाचे मूळ तेच, खडकाचे: नेवाडाचे सूत्र कझाकस्तानला लावले की आकडा फुगतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका पर्यावरणवादी संघटनेने सोव्हिएत विज्ञान अकादमीशी बोलणी करून चाचणीस्थळाच्या परिसरात भूकंपमापक बसवले. आणि १९८८ मध्ये दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या शास्त्रज्ञांना थेट आपापल्या चाचणीस्थळी बोलावले. ऑगस्टमध्ये नेवाडात आणि सप्टेंबरमध्ये सेमिपालाटिन्स्कला, शत्रूच्या उपकरणांसमोर बॉम्ब उडवून मोजमाप झाले. शीतयुद्धातले शत्रू एकमेकांना जे दाखवू शकले, ते आपले सरकार सत्तावीसहून अधिक वर्षांनंतर आपल्याच नागरिकांना दाखवू शकत नाही, याला सुरक्षेचे कारण कसे म्हणावे?

भारतातही नेहमीच असे नव्हते. १९५४ मध्ये बिकिनीवर अमेरिकेने उडवलेला बॉम्ब ६ मेगाटनांच्या अंदाजाऐवजी १५ मेगाटनांचा निघाला आणि त्याच्या राखेने दूरवरच्या जपानी मच्छीमारांना गाठले. त्यानंतर २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले. पुढे त्यांच्या सांगण्यावरून दौलतसिंग कोठारी यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवर एक पुस्तक तयार केले. १९५६ मध्ये ते सरकारनेच छापले, नेहरूंच्या प्रस्तावनेसह. स्फोटाचा दाब, उष्णता, किरणोत्सर्ग हे सर्व सामान्य वाचकाला समजावे, ही सरकारची जबाबदारी आहे असे तेव्हाच्या सरकारला वाटत होते.

नकाशावरचे वर्तुळ

इथवर आपण किलोटनांचा वाद केला. आता ते किलोटन जमिनीवर उतरवून पाहू. अतिदाब ३५ किलोपास्कल, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या एक तृतीयांश, एवढा झाला तर बहुतेक साधी घरे कोसळतात. ऐकायला आकडा छोटा वाटतो, पण याचा अर्थ दर चौरस मीटरला साडेतीन टन. दोन चौरस मीटरच्या दारावर सात टन! माणसाचे शरीर तेवढा दाब बहुधा सोसते, कानाचे पडदे फाटले तरी. माणसे मरतात ती कोसळणाऱ्या भिंतींखाली, उडणाऱ्या काचांनी आणि त्याच वेळी लागणाऱ्या आगींनी.

१५ किलोटनांचा, म्हणजे हिरोशिमाएवढा, बॉम्ब योग्य उंचीवर फुटला तर हा दाब सुमारे पावणेदोन किलोमीटरपर्यंत पोचतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस मध्यभागी धरून हे वर्तुळ काढा. फोर्ट, क्रॉफर्ड मार्केट, चर्चगेट आत येतात. सेंट जॉर्ज, कामा आणि गोकुळदास तेजपाल ही तिन्ही रुग्णालयेही आत येतात. जखमींना न्यायचे कुठे, हा प्रश्न तिथेच संपतो. एम. व्ही. रमणा यांनी १९९९ मध्ये मुंबईवरच्या अशाच काल्पनिक स्फोटाचा शास्त्रीय अभ्यास केला. मृतांचा त्यांचा अंदाज दीड लाखापासून आठ लाखांपलीकडे जातो. पोखरणच्या अभिमानासोबत हा अभ्यासही मराठी घरांत पोचायला हवा होता. नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहून २०२४ मधल्या मृत्यूपर्यंत अण्वस्त्रमुक्तीचा आग्रह धरत राहिले. त्यांच्या घरापासून मुंबई खाडीपलीकडेच होती.

हेच वर्तुळ मी राहते त्या किलकेनीवर ठेवले तर किल्ला, सेंट कॅनिस कॅथेड्रल, रेल्वे स्टेशन, नोअर नदीवरचे पूल, म्हणजे सुमारे २७ हजार वस्तीच्या गावाचा बहुतेक भाग झाकला जातो. सेंट ल्यूक्स रुग्णालय किल्ल्यापासून दोनेक किलोमीटरवर, म्हणजे वर्तुळाच्या काठाबाहेर राहते.

आता बॉम्ब १५ ऐवजी ४५ किलोटनांचा घ्या. क्षमता तिप्पट झाली, पण दाबाचे अंतर घनमूळाच्या नियमाने वाढते, त्यामुळे वर्तुळ पावणेदोनवरून अडीच किलोमीटरवर जाते. किलकेनीचे रुग्णालय आत येते. ज्या फरकासाठी नामवंत शास्त्रज्ञ एकमेकांवर तुटून पडले, त्याचा जमिनीवरचा अर्थ हा एवढा आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या दृष्टीने १५ आणि ४५ मध्ये 'साधा बॉम्ब' आणि 'हायड्रोजन बॉम्ब' एवढे अंतर आहे. आतल्या वर्तुळातल्या माणसाला ते जाणवणारही नाही.

आणि जे खरोखर धक्क्याजवळ होते त्यांचे काय? चाचणीस्थळापासून सुमारे पाच किलोमीटरवर खेतोलाई हे बिश्नोई समाजाचे गाव आहे. चिदंबरम यांनीच सांगितले आहे की स्फोटाची क्षमता मर्यादित ठेवण्यामागे हे गाव जवळ असणे हे एक कारण होते. म्हणजे हिशेबात गाव होते! ११ मे रोजी गावकऱ्यांना घराबाहेर थांबायला सांगितले गेले आणि हादऱ्याने घरांच्या भिंतींना, पाण्याच्या टाक्यांना तडे गेले. माणसांच्या आणि जनावरांच्या आजारपणाच्या तक्रारी गावकरी तेव्हापासून करत आले आहेत. सरकारी यंत्रणा त्यांचा चाचणीशी संबंध नाकारते. कदाचित संबंध नसेलही. पण तो नाही हे सिद्ध करायलाही मोजावे लागते, आणि त्या मोजणीचे निष्कर्ष गावासमोर ठेवावे लागतात. पेनी पत्र्याचे डबे मोजत फिरले. खेतोलाईच्या भिंतींचे तडे कुणी मोजून छापले का?

आपण काय करायचे

आयर्लंडचे उदाहरण द्यायचा मोह होतो, आणि काही प्रमाणात ते रास्तही आहे. १९५८ पासून संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रप्रसार रोखण्याचा ठराव लावून धरणारे परराष्ट्रमंत्री फ्रँक एकन यांनी १ जुलै १९६८ रोजी मॉस्कोत अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर पहिली सही केली. तो करार भेदभावाचा आहे, हा भारताचा आक्षेप मला मान्य आहे, आणि स्वतःला तटस्थ म्हणवणाऱ्या आयर्लंडच्या शॅनन विमानतळावरून अमेरिकी सैनिक ये-जा करतात हेही मी विसरलेले नाही. तेव्हा हा देशही धुतल्या तांदळासारखा नाही. पण इथली पर्यावरण संरक्षण संस्था देशभरच्या किरणोत्सर्गाच्या नोंदी संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. आकडे लपवल्याने लोक शांत राहतात, असे या संस्थेला वाटत नाही.

सर्वंकष चाचणीबंदी कराराच्या देखरेखीसाठी जगभर ३२१ केंद्रांचे जाळे आखलेले आहे. त्यातली ६० केंद्रे हवेतला अतिदाबच मोजतात, कानाला न ऐकू येणारा, हजारो किलोमीटरवरून आलेला. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याची लाट या जाळ्याने पृथ्वीभर टिपली. भारताच्या भूमीवर या जाळ्यातले एकही केंद्र नाही.

माझ्या मते आपण चार मागण्या धरून ठेवायला हव्यात. एक, १९७४ आणि १९९८ च्या भूकंपमापनाच्या मूळ नोंदी आणि खडकाच्या गुणधर्मांची माहिती संशोधकांना खुली करावी. बॉम्बच्या रचनेला त्याने धक्का लागत नाही. दोन, अणुऊर्जा विभाग आणि संरक्षण संशोधन संस्था या दोहोंशी बांधील नसलेल्या भूभौतिकशास्त्रज्ञांची समिती नेमावी. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संस्था, पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था, विद्यापीठे, माणसे भरपूर आहेत. तीन, खेतोलाईचे आरोग्य आणि घरांचे स्वतंत्र सर्वेक्षण होऊन त्याचा अहवाल हिंदीत गावाला मिळावा. चार, करारावर सही होवो न होवो, भारताने आपल्या भूकंप आणि अतिदाबाच्या नोंदी या जाळ्याशी वाटून घ्याव्यात.

समितीने '४५ बरोबर आहे' असा निर्वाळा दिला तर मला आनंद होईल, भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांचे कौतुक करणारे पहिले पत्र मी पाठवीन. '४५ चूक आहे' असे निघाले, तर चाचणीच्या समर्थकांशी आपला सामना होईल. तेव्हा बॉम्ब चालला नाही म्हणून आणखी एक उडवा, या म्हणण्याला आपल्याकडे उत्तर असले पाहिजे: नकाशावरची वर्तुळे, मुंबईतली तीन रुग्णालये आणि खेतोलाईच्या भिंती. हा वाद आपण उघड्या आकड्यांवर जिंकू शकतो. झाकलेल्या आकड्याच्या आडोशाने मिळालेली शांतता फार दिवस टिकायची नाही.

आपल्यापैकी अनेक जण प्रयोगशाळांत, रुग्णालयांत, विद्यापीठांत काम करतात. आपल्या व्यवसायात आपण न तपासलेला आकडा पुढे पाठवत नाही. येत्या ११ मे रोजी गटावर तो ४५ चा आकडा आला तर निदान एवढे विचारा: हा तपासला कुणी? उत्तरे काय आली ते मला जरूर कळवा.

किलकेनी, आयर्लंड